एकास पाचशे बारा

काचेच्या दहा नळ्या रॅकमध्ये ओळीने उभ्या करायच्या. प्रत्येकीत सलाइन सारख्याच मापाचं. पहिलीत तेवढंच रुग्णाचं सीरम घालून ढवळायचं, त्यातलं निम्मं दुसरीत, दुसरीतलं निम्मं तिसरीत. पहिल्या नळीत सीरम एकास दोन झालं, मग एकास चार, आठ, सोळा, बत्तीस. आता प्रत्येक नळीत बी गटाच्या तांबड्या पेशी टाकायच्या आणि बघायचं, गुठळी कुठवर धरते. शेवटची गुठळी ज्या नळीत दिसली तिचा आकडा म्हणजे टायटर.

माझ्या मुलाची शेवटची गुठळी नवव्या नळीत होती. एकास पाचशे बारा.

नळ्यांचा हा खेळ मला नवा नव्हता. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आमच्या भाषेत ‘एच.ए.’मध्ये, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी १९८४ साली लागले आणि २०२० साली निवृत्त झाले. औषधाची ताकद मोजायची म्हणजे ते पायरीपायरीने पातळ करत न्यायचं आणि कुठल्या पायरीला जंतू डोकं वर काढतात ते बघायचं, हे सगळं हातात बसलेलं. त्यामुळे निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी तो रिपोर्ट आला तेव्हा ह्यांना आणि लेकाला तो नुसता एक मोठा आकडा वाटला. मला नऊ नळ्या दिसल्या. त्यातल्या सहा मागे यायच्या होत्या, कारण डॉक्टरांना एकास आठ हवं होतं.

मुलाच्या किडन्या आयजीए नेफ्रोपथी नावाच्या आजाराने गेल्या. तो चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. डोकं दुखतं म्हणायचा, ते आम्ही तळवडे चौकातल्या ट्रॅफिकवर ढकललं. रक्तदाब मोजला तेव्हा उशीर झाला होता. २०२३ च्या सुरुवातीला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास. किडनी द्यायला घरात आम्ही दोघं तयार होतो. ह्यांचा गट ए, माझा बी, आणि मुलाचा ओ.

‘ए आणि बीच्या पोटी ओ कसा?’ हा प्रश्न आमच्या एका नातेवाईकाने ज्या आवाजात विचारला तो मी विसरलेली नाही. उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. माझ्या बीमागे एक ओ लपलेला, ह्यांच्या एमागे एक ओ लपलेला. चार मुलं झाली असती तर ए, बी, एबी, ओ असे चारही गट घरात येऊ शकले असते. आम्हाला दोन झाली. मुलगी एबी, मुलगा ओ. ओ माणसाचं रक्त कुणालाही चालतं म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं. पण त्याला स्वतःला मात्र ओशिवाय कुणाचं चालत नाही. देणारा म्हणून श्रीमंत आणि घेणारा म्हणून दरिद्री.

गटांचं मूळ अगदी साधं आहे. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं की माणसांची रक्तं एकमेकांत मिसळली की काही जुळतात, काही गुठळतात. पेशीच्या अंगावर साखरेचे छोटे तुरे असतात. ए गटाच्या तुऱ्याच्या टोकाला एक साखर, बी गटाच्या टोकाला दुसरी. ओ गटाकडे नुसता दांडा, टोकाला काही नाही. या दांड्याला एच म्हणतात. तोही नसलेली माणसं असतात, हे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. साध्या तपासणीत तो ओच वाटतो, म्हणून रक्तपेढीतली मुलगी ओ माणसाचं सीरम ओ पेशींशीही ताडून बघते. आमच्या वेळी तिने ते केलं, आणि मी मनात तिला दहापैकी दहा गुण दिले.

हे तुरे फक्त रक्तपेशींवर असते तर किडनीचं काही अडलं नसतं, किडनी धुऊनच बसवतात. पण ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात, आणि किडनी म्हणजे मुळात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. ओ माणसाच्या रक्तात बीविरुद्धच्या अँटिबॉडी तयार असतात. पूर्वतयारी न करता माझी किडनी त्याला जोडली असती, तर त्या अस्तराला चिकटल्या असत्या, वाहिन्यांत गुठळ्या झाल्या असत्या आणि गुलाबी किडनी टेबलावरच काळीनिळी पडली असती. म्हणूनच १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, त्यानंतर कितीतरी वर्षं ‘गट जुळत नाही’ म्हणजे विषय संपला, असंच चालत होतं.

मला रात्री झोपू न देणारी गोष्ट वेगळीच होती. बीविरुद्धच्या या अँटिबॉडी जन्मतः नसतात. बाळाला त्या पहिल्या वर्षात येतात, आणि येतात त्या आतड्यातल्या जंतूंमुळे. काही जंतूंच्या अंगावरही ए-बीसारख्याच साखरा असतात. बाळाचं शरीर त्यांच्याविरुद्ध हत्यार घडवतं आणि ते माणसाच्या साखरेलाही लागू पडतं. म्हणजे १९९० साली तो माझ्या कुशीत आला तेव्हा त्याच्या रक्तात माझ्याविरुद्ध काहीही नव्हतं. पुढे सहा-आठ महिन्यांत, मी त्याला मऊ भात भरवत असताना, ते तयार होत गेलं. जंतूंनी घडवलेलं. मी आयुष्यभर जंतूंच्याच पगारावर जगले, त्यामुळे त्यांना काही बोलायचीही सोय नाही. कॅनडात टोरांटोच्या डॉक्टरांनी नेमक्या याच उशिराचा फायदा घेतला. तान्ह्या मुलांना गट न जुळणारं हृदय बसवलं आणि ते चाललं, कारण बाळाकडे अजून हत्यारच नव्हतं.

चौतिशीतल्या मुलासाठी ही सवलत नव्हती. दुसरे मार्ग होते. मृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावलं. अदलाबदलही होते: आमच्यासारखंच अडलेलं दुसरं कुटुंब शोधायचं, त्यांची किडनी आम्हाला, आमची त्यांना. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तिने या अदलाबदलीला वाट करून दिली. पण ओ रुग्णाचं तिथेही जमणं अवघड. ओ दाता ज्या घरात आहे, त्या घराला गटासाठी अदलाबदल करायची गरजच पडत नाही. दहा महिने वाट पाहिली. मग डॉक्टर म्हणाले, “आई, गट ओलांडून करू या.”

ह्यांना मधुमेह, म्हणजे ते बाद. उरले मी. (आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे वेटिंग रूममध्ये बसलं की आकडेवारीशिवाय दिसतं. मी खुशीने दिली. पण माझी मुलगी आजारी असती तर नातेवाइकांचे फोन इतक्या तातडीने आले असते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

‘इंडक्शन’ हा शब्द डॉक्टरांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी स्वयंपाकघरातली शेगडी समजले. मुलगा हसला, त्याच्या शॉपमध्ये गिअरच्या दात्यांचं इंडक्शन हार्डनिंग चालतं. आणि एमआयडीसीत नव्या कामगाराला पहिल्या दिवशी बसवून फाटकाचे नियम शिकवतात, त्यालाही इंडक्शनच म्हणतात. डॉक्टरांचं इंडक्शन या तिसऱ्याच्या जवळचं. नवी किडनी फाटकातून आत येते त्या सुमारास, पहिल्या काही दिवसांत, प्रतिकारशक्तीला जोरदार औषधांनी आवरून धरायचं. जन्मभराच्या गोळ्या वेगळ्या, त्या सांभाळायला. इंडक्शन फक्त प्रवेशापुरतं. गट जुळत नसेल तर शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून वेगळी तयारीही करावी लागते.

अँटिबॉडी तयार होण्याचा कारखाना मी ह्यांना असा समजावला. हे टेल्कोतले, त्यांना पटकन कळलं. बी पेशी (हा ‘बी’ रक्तगटाचा नव्हे) म्हणजे नवी भरती. त्यातल्या काही पुढे प्लाझ्मा पेशी होतात, त्या मशीनवरच्या जुन्या कामगार, माल काढणाऱ्या. आणि अँटिबॉडी म्हणजे तयार माल, रक्ताच्या गोदामात भरलेला. तिन्ही ठिकाणी वेगळा इलाज लागतो.

भरती थांबवायला रिटुक्सिमॅब. शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी ते शिरेतून दिलं, ५०० मिलिग्रॅम, सकाळी दहाला सुरू केलं ते चार वाजेपर्यंत थेंबथेंब. हे औषध बी पेशीवरच्या सीडी-२० नावाच्या खुणेला धरतं आणि ती पेशी संपवतं. अमेरिकेत १९९७ साली ते आलं लिंफोमाच्या, म्हणजे एका कर्करोगाच्या रुग्णांसाठी. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती काढली. ते देण्याआधी कावीळ बी तपासली, कारण दबून बसलेला तो विषाणू या औषधाने उसळू शकतो. लसीही आधीच टोचून घेतल्या. भरती बंद झाल्यावर लस शिकवणार कुणाला?

पण प्लाझ्मा पेशीवर सीडी-२० ची खूणच नसते. भरती बंद झाली तरी जुनी शिफ्ट चालूच, आणि गोदाम भरलेलं. म्हणून प्लाझ्माफेरेसिस. डायलिसिससारखंच यंत्र; त्यातून रक्त फिरवून पेशी परत द्यायच्या, प्लाझ्मा तेवढा काढून टाकायचा आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन किंवा दुसऱ्याचा प्लाझ्मा भरायचा. पिशवीत साठणारा तो फिकट पिवळा द्रव मी बघत बसायचे. माझ्याविरुद्धचा सगळा माल त्या पिशवीत.

बदलीचा प्लाझ्मा एबी किंवा बी गटाचाच हवा, कारण त्यात बीविरुद्ध काही नसतं. मुलगी एबी. ती सांगलीहून रात्रीच्या गाडीने आली, हात पुढे करून उभी राहिली. किडनी जुळत नाही, निदान प्लाझ्मा तरी घ्या. रक्तपेढीने नम्रपणे सांगितलं की प्रत्यारोपणाच्या रुग्णाला रक्ताच्या नात्यातलं रक्त देणं टाळतात. तुमचं घेऊ, पण दुसऱ्या कुणासाठी. तिने दिलं. चाकणची रात्रपाळी संपवून मुलाचे सहकारी आले, त्यांनीही दिलं.

आता माझी वही काढते. पहिल्या फेरीच्या आधी एकास पाचशे बारा. फेरीनंतर दोनशे छप्पन्न. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाचशे बारा.

त्या सकाळी मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला. डॉक्टर फेरीला आले, त्यांना यात नवल वाटलं नाही. एका फेरीत अंगातला प्लाझ्मा जवळपास एकदा बदलला जातो, तरी साठ-पासष्ट टक्केच माल निघतो, कारण नवा जुन्यात मिसळत जातो. शिवाय आयजीजी जातीच्या अँटिबॉडी निम्म्याच रक्तात असतात. बाकीच्या रक्ताबाहेर, पेशीपेशींच्या मधल्या पाण्यात दडलेल्या. गोदाम उपसलं की मागच्या खोल्यांतला माल पुढे येतो. म्हणून एक दिवसाआड उपसत राहायचं. तिसऱ्या फेरीला एकशे अठ्ठावीस, पाचवीला बत्तीस, सहावीला बत्तीसच, सातवीला सोळा. आठव्या फेरीनंतर चार, आणि दुसऱ्या सकाळीही चारच. शेवटच्या फेऱ्यांत अल्ब्युमिन कमी करून प्लाझ्मा वाढवला. रक्त गोठवणारे घटक उपशात वाहून जातात, आणि दोन दिवसांवर शस्त्रक्रिया असताना ते परवडत नाही. मधूनच त्याच्या ओठांना मुंग्या यायच्या, तेव्हा कॅल्शियम द्यायचे.

एका गोष्टीवर मी वाद घातला, आणि तो घातल्याचं मला समाधान आहे. अगदी सुरुवातीला एका दुसऱ्या प्रयोगशाळेने हाच टायटर एकास एकशे अठ्ठावीस दिला होता. आमच्या रुग्णालयाच्या पाचशे बाराच्या दोन नळ्या अलीकडे. दोन्हीकडे कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी नळीत करतं, कुणी जेल कार्डवर. गुठळी बारीक असली की एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. एका नळीचा फरक तर मी माझ्याच दोन हातांत दाखवून देईन. म्हणून हट्ट धरला की शेवटपर्यंत एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजायचं. हा आकडा दुसऱ्या रुग्णाच्या आकड्याशी ताडायचा नसतो. ताडायचा तो कालच्या आपल्याच आकड्याशी. वेटिंग रूममध्ये लोक एकमेकांचे टायटर विचारून उगाच घाबरतात किंवा उगाच सुखावतात.

फक्त बीविरुद्धच्या अँटिबॉडी पकडणारी एक खास नळकांडीही मिळते. आत बी गटाच्या साखरा बसवलेल्या, बाकी रक्ताला ती हात लावत नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात डॉ. गुनार टिडेन यांनी २००१ पासून ही नळकांडी आणि रिटुक्सिमॅब यांची जोडी वापरली. त्याआधी रुग्णाची प्लीहाच काढून टाकत, कारण बी पेशींचं ते मोठं ठाणं. ब्रुसेल्सच्या गी अलेक्झांद्र यांनी १९८० च्या दशकात तसंच केलं होतं. जपानमध्ये मृत दात्यांचे अवयव फारच कमी मिळत; तिथे १९८९ पासून गट ओलांडून प्रत्यारोपणं होऊ लागली आणि सगळ्यात दांडगा अनुभव त्यांच्याचकडे जमा झाला. आम्हाला ती नळकांडी परवडणारी नव्हती. रिटुक्सिमॅब, आठ फेऱ्या, पिशव्या, रुग्णालयातले जास्तीचे दिवस यांतच तळेगावचा गुंठा गेला. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, ती चांगलीच गोष्ट. पण गट ओलांडायचा तर खर्च त्याच्या पुष्कळ पुढे धावतो.

एवढं सगळं झालं ते एका प्रकारच्या हल्ल्यासाठी. दुसरा हल्ला टी पेशींचा. तो गट जुळला तरी होतोच, कारण मी त्याची आई असले तरी ऊतकांच्या खुणा निम्म्याच जुळतात. निम्म्या त्याच्या वडिलांच्या. खरं म्हणजे डॉक्टर इंडक्शन म्हणतात ते मुख्यतः याच्यासाठी, आणि इथे दोन रस्ते फुटतात.

एक सशाचा. माणसाच्या थायमसमधल्या पेशी सशाला टोचतात, सशाचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्या शुद्ध करून रुग्णाला देतात. एटीजी म्हणतात त्याला. टी पेशी अक्षरशः झाडून निघतात, त्यांची संख्या पूर्वपदावर यायला कित्येक महिने जातात. पहिल्या डोसला हुडहुडी भरून ताप येऊ शकतो, म्हणून आधी स्टेरॉइड आणि पॅरासिटामॉल. दुसरा रस्ता बॅसिलिक्सिमॅबचा. टी पेशीला वाढण्यासाठी एक हुकूम लागतो, इंटरल्युकिन-२ नावाचा. हे औषध तो हुकूम ऐकणारा कानच बुजवतं. पेशी मरत नाही, नुसती बहिरी होते, महिना-दीड महिना. (औषधाच्या नावात शेवटी ‘क्सिमॅब’ आलं की समजावं, थोडं उंदराचं आणि बरंचसं माणसाचं प्रथिन जोडून केलंय. रिटुक्सिमॅबही त्यातलंच.)

गट जुळत नसेल तेव्हा बरेच डॉक्टर सशाचं औषध निवडतात. एवढा मोठा धोका पत्करतोय तर कुंपण पक्कं असावं, असा विचार. आमच्या डॉक्टरांनी फाइल उलटसुलट केली आणि विचारलं, “याला टीबी झाला होता ना?” झाला होता, विसाव्या वर्षी, फुप्फुसाचा, सहा महिने गोळ्या घेऊन बरा झालेला. इतर अँटिबॉडींची तपासणी निर्मळ होती, क्रॉसमॅच निगेटिव्ह होतं. त्यांनी बॅसिलिक्सिमॅब घेतलं. त्यांचं म्हणणं असं की गटाचं भांडण अँटिबॉडींचं आहे, ते आपण उपसून काढलंय. त्यासाठी टी पेशींची कत्तल केली तर ज्या टीबीला त्याच पेशी दाबून बसल्यात तो उठेल. २० मिलिग्रॅम शस्त्रक्रियेच्या दिवशी, २० मिलिग्रॅम चौथ्या दिवशी.

मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या कौशल्यापेक्षा मोठा वाटतो. प्रतिकारशक्ती दाबणं सोपं आहे, औषधं भरपूर आहेत. कुठे हात आखडायचा हे कठीण. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये संशोधकांनी गट ओलांडलेल्या सुमारे सात हजार प्रत्यारोपणांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गट जुळलेल्यांच्या तुलनेत पहिल्या काही वर्षांत मृत्यू जास्त आढळले, वर्षं सरत गेली तशी ती तफावत ओसरली. या प्रत्यारोपणात किडनी नाकारली जाण्याइतकंच भय जंतुसंसर्गाचं असतं. डॉक्टरांनी हे आम्हाला सहीच्या आधी सांगितलं, सहीनंतर नाही. डायलिसिसवर वर्षानुवर्षं काढण्यातलाही धोका त्याच्या शेजारी मांडला. मुलाने पेन उचललं.

माझं काय झालं ते दोन ओळींत सांगते. कॅमेऱ्यासमोर समितीने विचारलं, कुणी जबरदस्ती केली का. मी म्हटलं, माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्मायचाय. जून २०२४ मध्ये दुर्बिणीतून डावी किडनी काढली (डावीची शीर लांब असते, जोडायला बरी), चौथ्या दिवशी मी घरी.

त्याची किडनी टेबलावरच लघवी करू लागली. मला शुद्ध आल्यावर नर्सने सांगितलं ते हेच, आणि मी नाव-गाव सोडून पहिलं विचारलं, “टायटर?”

पुढचे दोन आठवडे खरे. रोज सकाळी टायटर. चार, चार, आठ, आठ, सोळा; सहाव्या दिवशी बत्तीस. क्रिएटिनिन ठीक, लघवी ठीक, पण आकडा वर चाललेला. एक फेरी केली, आठवर आलं. नंतर सोळा. सोळा. पंधराव्या दिवशीही सोळा, आणि डॉक्टरांनी टायटर बंद केला.

बंद? मला ते पटेना. पण इथेच या विषयातलं सगळ्यात अद्भुत प्रकरण आहे. त्याला अकोमोडेशन म्हणतात. मी जुळवून घेणं म्हणते. पहिले दोन आठवडे अँटिबॉडी दाबून धरल्या की किडनीच्या वाहिन्यांचं अस्तर सावरतं. मग अँटिबॉडी परत आल्या, चिकटल्या, तरी ते अस्तर त्यांना बधत नाही. हे नेमकं कसं घडतं यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. घडतं हे नक्की. तीन महिन्यांनी बायोप्सी केली तेव्हा सी-४-डी नावाचा डाग सापडला. इतर कुठल्याही प्रत्यारोपणात हा डाग म्हणजे धोक्याची घंटा. गट ओलांडलेल्या किडनीत तो बहुतेकांना असतो आणि बाकी सगळं ठीक असेल तर त्याला कुणी विचारत नाही. सासू-सुनेने एकाच घरात दोन चुली मांडाव्यात, तशी खूण.

एच.ए.मधल्या फर्मेंटरमध्येही असंच असतं. बी टाकल्यावरचे पहिले तास सांभाळायचे. त्या तासांत परका जंतू घुसला तर हजारो लिटर माल गटारात. एकदा आपलं पीक धरलं की मग बाहेरचा एखादा आला तरी त्याला सहजी जागा मिळत नाही.

आता जन्मभराच्या गोळ्या: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, थोडं स्टेरॉइड. टॅक्रोलिमसची चिठ्ठी हातात आली तेव्हा मी मुलाला म्हटलं, हा आपल्या घरातलाच आहे. १९८४ साली, म्हणजे मी नोकरीला लागले त्याच वर्षी, जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूपासून ते निघालं. औषधाच्या नावातला ‘ट’ त्सुकुबाचा, जंतूचं नाव त्सुकुबाएन्सिस. आणि आमच्या एच.ए.मध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी त्याच जातीच्या जंतूपासून हॅमायसिन काढलं, बुरशीवरचं औषध. त्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीच्या नावाचा जंतू! मेट्रो स्टेशनवर पिंपरी लिहिलेलं बघून लोकांना अभिमान वाटतो. मला लॅटिनमध्ये लिहिलेल्या पिंपरीचा वाटतो.

टॅक्रोलिमसने त्याचा हात थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. सकाळी आठ, रात्री आठ, गजर लावून. पपनस खायचं नाही, त्याने रक्तातलं औषध वाढतं. यंदा गणपतीत शेजाऱ्यांनी पाठवलेलं पपनस ह्यांनी एकट्याने संपवलं. त्या पहिल्या जूनअखेर तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला निघाली, तेव्हा भक्ती-शक्ती चौकातला टाळमृदंगाचा आवाज गॅलरीत येत होता आणि तो काचेच्या आत मास्क लावून उभा होता. पुढच्या वर्षी चौकात गेला, गर्दीच्या कडेला, मास्क लावूनच.

वर्षाच्या तपासणीला मी हट्टाने टायटर करायला लावला. एकास एकशे अठ्ठावीस आला. सोळावरून तीन नळ्या वर, सुरुवातीच्या आकड्याच्या दोनच नळ्या अलीकडे. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन.

मी रिपोर्ट डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी बघितला, परत माझ्याकडे सरकवला.

“आई, या आकड्याचं मी आता काही करणार नाही. तुम्ही काय करणार?”

“वहीत लिहिणार,” मी म्हटलं.